पुसलेली प्रकरणं

"अकरावंही गेलं," प्रभाकरराव म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

राजसनं वाकून पडद्याकडे पाहिलं. काल डायलिसिसला निघताना तिथे अकराव्या प्रकरणाची फाइल होती. आज नव्हती.

"बाबा, तुमच्याकडून काही दाबलं गेलं का?"

"आता मला काय ठाऊक! गेलंही असेल. हात कापतात, डोकं चालत नाही. छोड बेटा, पुन्हा लिहितो."

महिन्याभरातली ही चौथी फाइल.

प्रभाकर पोतनीस उज्जैनच्या एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथेच 'लार्क' नावाच्या संगणकप्रणालीवर त्यांचा जीव जडला. जगानं ती केव्हाच सोडली. वापरणारे उरले असतील तीनेकशे. पण प्रभाकररावांनी देवनागरी अक्षरं तिच्यात स्वतः घडवली होती. गेली अठरा वर्षं ते भैरवगढला जाऊन कापड छापणाऱ्या कारागिरांकडचे लाकडी ठप्पे पाहत, घरी येऊन ते लार्कवर रेखत आणि एकेकाचं नाव, घराणं, गोष्ट लिहून ठेवत. त्यातले निम्मे ठप्पे आता चुलीत गेले होते, नावं सांगणारी माणसंही गेली होती. पुस्तकाची चौदा प्रकरणं व्हायची होती.

लार्कमध्ये एकच मोठी खोट होती. पुसलं की पुसलं. बाकीच्या संगणकांवर असते तशी कचरापेटी तिच्यात नव्हतीच.

राजसनं आधी सोपा उपाय केला. सगळ्या फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आणि तो बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवला. पंधरा दिवसांनी पाहिलं तर पेनड्राइव्ह कोरा. तोही त्यांनीच चुकून पुसला असणार. राजसला रडू कोसळायचंच काय ते राहिलं. बाबांची मूत्रपिंडं गेली होती, आता डोकंही चाललं.

रोज बदलणाऱ्या फाइलींची नक्कल रोज घ्यायची, तर एक दिवस चुकला की तेवढं लिखाण गेलंच. मग त्यानं ठरवलं, कचरापेटी आपणच करायची.

तो इंदूरच्या एका कंपनीचं काम उज्जैनमधल्याच नानाखेड्यातल्या घरून करायचा. ते उरकलं की दुपारी लार्कपाशी बसायचा. फाइल पुसायचा हुकूम आला की ती न पुसता गुपचूप एका बाजूच्या कप्प्यात हलवायची, एवढंच करायचं होतं. पण विचारायचं कुणाला? लार्कवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळावर प्रश्न टाकला, तर तीन आठवड्यांनी एक उत्तर आलं: आम्हीही प्रयत्न केला होता, नाद सोडा. कधी संगणक गोठायचा. कधी एकाच नावाच्या दोन फाइली एकमेकींना गिळायच्या.

तिकडे प्रभाकरराव गेलेलं प्रकरण आठवून आठवून पुन्हा लिहीत. दोन पुरी होत, एक जाई. मंगळवारी आणि शुक्रवारी राजस त्यांना दवाखान्यात न्यायचा. चार तास सुया टोचलेल्या हातानं ते छताकडे बघत पडून असायचे. परतल्यावर जेवायचंही त्राण नसायचं. दोन वर्षं हेच चाललं होतं.

"कशाला त्या मशीनच्या मागे लागलायस?" आई एकदा म्हणाली. वासंतीबाई सहसा त्या खोलीत कुणी असताना यायच्या नाहीत. "होईल तेव्हा होईल पुस्तक. घाई कुणाला आहे?"

"त्यांना आहे, आई. दिसत नाही तुला?"

"दिसतं ना," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप उचलून आत गेल्या.

चौथ्या महिन्यात कचरापेटी चालली. राजसनं कुणाला सांगितलं नाही. पुन्हा फसली तर बाबांचा चेहरा त्याच्यानं बघवला नसता. दोन आठवडे थांबला. त्या दोन आठवड्यांत नववं गेलं, बारावं गेलं, आणि अर्धं झालेलं चौदावंही. प्रभाकररावांनी यावेळी 'छोड बेटा'सुद्धा म्हटलं नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून निजले.

शनिवारी सकाळी राजसनं तो कप्पा उघडला. तिन्ही प्रकरणं जशीच्या तशी होती.

प्रभाकररावांनी पडद्याला बोट लावून पाहिलं. मग मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा. "आता जायचं नाही ना काही?"

"काहीच नाही. कुणीही, कितीही पुसलं तरी."

"बास. सुटलो मी."

राजस धावत स्वयंपाकघरात गेला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पुसलेलं परत येतं?"

"सगळं!"

"आणि ती पेटी रिकामी करता येते?"

"ते बटण अजून केलंच नाही मी."

वासंतीबाईंनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसून राहिल्या. बाबांच्या काळजीनं आई थकलीय, राजसला वाटलं. त्यानं तिला पाणी दिलं.

पुढचे बारा दिवस प्रभाकरराव म्हणजे वेगळाच माणूस होता. चौदावं प्रकरण त्यांनी एका दमात पुरं केलं. गुरुवारी राजसनं फ्रीगंजच्या बाजारातून साडेतीनशे पानं छापून आणली. त्यांनी ती मांडीवर घेतली, शेवटच्या पानावर सही केली, तारीख घातली.

शुक्रवारी राजसनं गाडी बाहेर काढली. प्रभाकरराव ओसरीत बसले होते, पायात चप्पल नव्हती.

"बाबा, चला. उशीर होतोय."

"मला नाही यायचं," ते शांतपणे म्हणाले. "आज नाही आणि यापुढेही नाही. डॉक्टरांशी बोलून झालंय माझं."

राजस आत धावला. "आई, ते डायलिसिस बंद करा म्हणतायत! तू तरी सांग ना त्यांना!"

वासंतीबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, राजस. पुस्तक पुरं होईपर्यंतच सुया टोचून घेईन, पुढे एक दिवस नाही, आणि तेव्हा तू अडवायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "म्हणून मी ते पुरं होऊ देत नव्हते."