नवव्या स्लाइडवरची ओळ

भाषणाला अजून तास होता. रिकाम्या सभागृहात मी वहिनींच्या स्लाइड पडद्यावर लावून पाहत होतो. त्यांची सिद्धता अकरा वर्षं एकाच पायरीपाशी अडली होती, आणि आज त्या चारचौघांत तसं कबूल करून विषय सोडणार होत्या.

"भावजी, सूत्रांची अक्षरं फारच किरटी दिसतायत. बदला."

मी गणिताचा फॉन्ट बदलला. नवव्या स्लाइडवर एक ओळ वाढली.

"ही तुम्ही घातलीत?"

"वहिनी, माझे पाढे बारापाशी संपतात."

मूळ फाइलमध्ये ती ओळ नव्हती. वहिनींनी पाठकोऱ्या कागदावर ती ताडून पाहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. अडलेली पायरी हीच होती.

पुढचा फॉन्ट लावला, तर तिच्याखाली आणखी एक ओळ आली.

"किती सोपं होतं हो," वहिनी पुटपुटल्या. "अजून किती फॉन्ट आहेत?"

"एकच."

"लावा."

लावला. वहिनींनी शेवटची ओळ वाचली आणि त्या हळूच उठून उभ्या राहिल्या, घरात कुणी थोर माणूस आल्यावर राहतात तशा. मला ओ की ठो कळलं नव्हतं, तरी मीही उभा राहिलो.

आणि आमच्या मागे, माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या त्या दोनशे खुर्च्या एकदम मिटल्या.