पोस्टरवरचे बंधू

"बाबा, आपल्या भिंतीवरच्या पोस्टरवर 'मोहरील बंधू, चित्रपट वितरक' असं छापलंय. त्यातले दुसरे बंधू म्हणजे नाना आजोबाच ना?" मैत्रिणींनी यावर पैज लावली, म्हणून ऋजुतानं भर जेवणात विचारलंच.

"तोच पळपुटा!" बाबा उसळले. "हा सिनेमा आपटणार म्हणून घाबरला आणि प्रदर्शनाआधीच तुझ्या आजोबांना एकटं टाकून गेला. त्याच दिवशी कंपनीच्या नावातून 'बंधू' काढलं."

म्हणजे पोस्टर प्रदर्शनाआधीचं! मैत्रिणींना नक्की साल सांगायचं म्हणून तिनं ते चौकटीतून काढलं, आणि लाकडाखाली दडलेली ओळ वाचून ती गारच पडली. पत्ता राजापेठेतल्या कचेरीचा होता. ती कचेरी तर सिनेमा धो धो चालल्यावर घेतलेली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मग तेव्हाही नाना आजोबा कंपनीतच होते?

काठी टेकत फाटकासमोरून जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याला 'पळपुटे' म्हणून तीही खिदळली होती. देवा, बाबांचंच खरं निघू दे! तिनं ट्रंक उपसली. सिनेमाआधीचं एक तरी पत्र राजापेठेचं सापडावं म्हणून कागदन्‌कागद चाळला. पण तेव्हाची सगळी पत्रं जुन्याच पत्त्याची.

बाबांनी पोस्टरवरची ओळ दोनदा वाचली आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"आता गं?" आई पुटपुटली.

"आई, बाबा, मी हे पोस्टर घेऊन नाना आजोबांकडे चाललेय. आत्ताच. तुम्ही आलात तर बरंच, नाहीतर माझ्यापुरती माफी मी मागून येते."