यंत्राचा हुंकार

“बाबांना अजून पुढे आण, यंत्राच्या अगदी जवळ,” ऋचा म्हणाली.

नीताने व्हीलचेअर पुढे ढकलली. पाठीत कळ आली, तशी ती हँडल धरून क्षणभर थांबली.

पनवेलच्या एका गाळ्यात ऋचा आपली शिल्पं करायची. मधोमध तिचं नवं काम उभं होतं. तांब्याचे हंडे, पंख्याची पाती, पिठाच्या गिरणीचं चाक, सगळं वेल्डिंग करून जोडलेलं. समोर बसून कुणी बोललं की ते जरा वेळ गप्प राही, विचार करत असल्यासारखं, आणि मग हुंकार देई. यंत्रांना मन असतं तर ती कशी बोलली असती, असा काहीसा ऋचाचा प्रश्न होता. नीताच्या ते डोक्यावरून जात असे. तिला एवढंच कळत होतं, की तो हुंकार तिच्या नवऱ्याचा होता.

उदयसिंहांनी संसारभर पेपरातून मान वर न करता दिलेलं ते ‘हुं’. भाजी संपली, हुं. पोरीला ताप आहे, हुं. त्यावरून नीता किती भांडली होती! ऋचाने घरातल्या जुन्या व्हिडिओंमधून ते वेचून यंत्रात भरलं होतं.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून खरं ‘हुं’ मात्र बंद झालं होतं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं नीताने एकटीने केलं. आता तिच्या मणक्यानेच हात टेकले होते. कर्जतच्या पुढे एक शुश्रूषा केंद्र होतं. त्यांची गाडी आज, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यायची होती.

नीताने एकच अट घातली होती. “त्यांनी मला एकदा नुसतं ‘हुं’ म्हटलं, तरी मी त्यांना कुठेही पाठवणार नाही. पाठ मोडली तरी बेहत्तर.”

“आणि आत ऐकणारं कुणी उरलंच नसेल तर, आई?” ऋचाने विचारलं होतं. विचारून झाल्यावर तीच रडली होती.

म्हणून हा शेवटचा प्रयत्न. स्वतःचा आवाज कानावर पडून त्यांच्यात काही हललं तर हललं.

“तू बोल,” ऋचा म्हणाली. “माझी बडबड ऐकून ते कंटाळलंय.”

नीता स्टुलावर बसली. यंत्राच्या गळ्यात झेंडूचा ताजा हार होता.

“हा कुणी घातला?”

“काळूरामने. माझा वेल्डर. माझ्यापेक्षा त्याचाच जास्त जीव आहे ह्याच्यावर.”

नीताने यंत्राकडे पाहिलं नाही. तिने नवऱ्याचा हात हातात घेतला.

“अहो,” ती म्हणाली, “आता ते लोक तुम्हाला न्यायला येतील. मला नाही हो जमत आता. पण तुम्हाला इथेच राहायचं असेल तर सांगा. राहायचंय का?”

काहीच झालं नाही. ऋचाने बोटाने खूण केली, थांब.

मग हुंकार आला. खोल, जरासा घोगरा.

“ऋचा! हे बोलले!”

ऋचा गुडघे टेकून बाबांसमोर बसली. चेहरा तसाच होता, ओठ नेहमीसारखेच अर्धवट उघडे. तिने बराच वेळ वाट पाहिली.

“आई, ते यंत्र आहे गं. तुझ्या आवाजाला उत्तर दिलंय त्याने.”

“पण माझ्या हाताला काहीतरी...”

“आई.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नीताला पुन्हा विचारायचं होतं. पण पुन्हा यंत्रानेच उत्तर दिलं असतं, तर ते तिला सोसलं नसतं. तिने त्यांची शाल नीट केली आणि व्हीलचेअर दाराकडे वळवली.

उदयसिंहांनी दिवाळी पाहिली नाही. शेवटपर्यंत शांत होते, कुणाला त्रास दिला नाही, असं केंद्रातल्या नर्सने फोनवर सांगितलं.

थंडीत पनवेलच्या एका हॉलमध्ये ऋचाचं प्रदर्शन लागलं. यंत्राशी बोलायला रांग लागली. एक बाई तर बोलता बोलता हुंदके देऊ लागली. नीता कोपऱ्यात खुर्ची टाकून बसे. प्रत्येक ‘हुं’ काळजात रुते, तरी ती रोज येई.

इस्त्रीचा शर्ट घालून काळूराम लोकांना यंत्र दाखवत होता.

“सारखं चालू ठेवता, बिघडत नाही?” एका गृहस्थाने विचारलं.

“नाय हो,” काळूराम म्हणाला. “सुट्टी त्याला एकदाच दिलेली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमी मशीन चालवत नाय, पूजा करतो. पहाटेच वायर काढून घरी नेली, ती दसरा झाल्यावरच लावली. ताईला सांगितलंच नाय, ती कुठली ऐकतेय!”