दोघींचे पाय

साक्रीहून आलेलं पोस्टकार्ड प्रेमराज आबांनी चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं होतं. चैत्र निम्मा सरला तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं. मजकूर थोडाच होता. ‘आबा, आखाजीला आम्ही आईबरोबर अमळनेरला येणार. सगळ्यांचे झोके झाडाला असतात. आमचा पप्पांच्या हातांना होता. आता तुम्ही द्याल का?’ खाली मयुरी आणि मोहिनी. जुळ्या नाती. फोनवर रोज बोलायच्या, पण झोक्याचं त्यांनी फोनवर कधी काढलं नव्हतं.

आबांचा मुलगा हितेंद्र दिवाळीच्या आधी गेला. धुळ्याच्या रस्त्यावर, मोटारसायकलवरून. दिपमाला मुलींना घेऊन माहेरी साक्रीला गेली. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरींत त्याच्या नावाची पहिली घागर भरायची होती.

त्या झोक्यासाठी आबा रिखबचंदांच्या कापडदुकानावरच्या जिममध्ये येऊ लागले होते. उभं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं. पुस्तकांच्या गठ्ठ्यापेक्षा जड काही त्यांनी उचललं नव्हतं. आधी त्यांनी व्यायामावरचं एक जुनं पुस्तक वाचून काढलं, मगच जिना चढले. तरी पायरीपायरीवर वाटत होतं, परत फिरावं.

“काय आबा, पोलीसभरतीले जाई राहिनात का?” आरशासमोरच्या एका पोराने विचारलं. बाकीचे हसले. आबाही कसंनुसं हसले आणि डंबेल उचललं.

उजवा हात बऱ्यापैकी वर आला. डावा अर्ध्यात अडला. त्याला जोर द्यायला आबांनी कमरेतून हिसका दिला. डंबेल निसटून फरशीवर आदळलं. लगेच खालून रिखबचंदांचा आवाज आला, “अखिल! साड्यांवर चुना पडतोय माझ्या!”

“हो पप्पा!” अखिलने वरूनच सांगितलं आणि तो आबांजवळ आला. रिखबचंदांचा हा मुलगा जिम चालवायचा. हितेंद्र त्याच्याकडेच यायचा.

“आबा, कमरेने नाही उचलायचं. कोपर बरगडीला चिकटवा. आणि सुरुवात डाव्याने करा. तो जेवढे काढेल तेवढेच उजव्याने काढायचे.”

“उजव्याने जास्त होतात की.”

“होतात म्हणून करायचे नाहीत. उजव्याने थांबायचं. तेव्हा कुठे दोन्ही दंड सारखे होतात.”

आबांनी मान डोलावली. डाव्याने जेमतेम काही काढले, मग उजव्याने तेवढेच. घाम पुसत ते बाकावर टेकले. बराच वेळ मनात घोळवलेलं शेवटी बोलले.

“आखाजीपर्यंत होतील का रे सारखे?”

अखिल रॅकवरची डंबेलं जागच्या जागी लावत राहिला.

“मुलींना झोका हवाय,” आबा म्हणाले. “दोन हातांना दोघी. हितेंद्र द्यायचा तसा.”

अखिलचे हात थांबले.

“आबा, हितूदादाचे तरी कुठे सारखे होते? त्याचा डावा कमीच होता.”

“मग दोघी कशा...”

“तो उजवीकडे कलायचा ना. म्हणजे डावा खांदा वर यायचा. मी ओरडायचो, दादा, पाठ जाईल तुझी. तर म्हणायचा, जाऊ दे रे, दोघींचे पाय जमिनीपासून सारखे वर पाहिजेत, नाहीतर एक रडते.” अखिल हसला. “मग ती सवयच लागली त्याला. मुली नसल्या तरी तसाच उभा राहायचा. तुम्ही पाहिलं असेल की.”

आबांनी पाहिलं होतं. शेवटची दोन-तीन वर्षं पोरगा दारात, ओट्यावर, लोकांसमोर एका अंगाला कललेला उभा राहायचा, आणि आबांना ते खटकायचं. ‘सरळ उभं राहता येत नाही का रे?’ असं ते किती वेळा म्हणाले होते. तो हसायचा आणि क्षणभर सरळ व्हायचा.

झोका मात्र त्यांनी पाहिला नव्हता. संध्याकाळी अंगणात मुली खिदळायच्या तेव्हा ते आत पुस्तक घेऊन बसलेले असायचे. गलका फार झाला की खिडकी लावून घ्यायचे.

भरतीची पोरं निघून गेली होती. आबा उठले, आरशासमोर उभे राहिले. दोन्ही कोपरं दुमडून हात बाजूला धरले. डावा खाली आला. मग ते हळूच उजवीकडे कलले. डावा खांदा वर चढला, दोन्ही हात एका रेषेत आले. आरशातल्या माणसाची ती उभं राहायची तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. आबा तसेच उभे राहिले. अखिलने पंखा बंद केला आणि उगाचच खाली दुकानात गेला.

पोस्टात त्यांनी नवं कार्ड घेतलं आणि तिथल्याच दोरीला बांधलेल्या पेनाने लिहिलं. हात भरून आले होते. अक्षर वाकडंतिकडं उमटलं, एरवी त्यांनी ते फाडलं असतं.

‘चि. मयुरी, चि. मोहिनी, या. झोका देतो. मी थोडा वाकडा उभा राहीन, हसू नका. पाय कदाचित जमिनीला टेकतील. पण दोघींचे सारखे टेकतील.’

एकदा वाचलं, आणि पुन्हा वाचायच्या आत पेटीत टाकून दिलं.