अंदाज

रिसॉर्टच्या हॉलमध्ये शंभरेक स्कीअर बूट चढवून ताटकळले होते. दुपारी ताजा, भुसभुशीत बर्फ कोणत्या उतारावर पडणार, ते हवामानतज्ज्ञ हेमांगी बिराजदार माइकवरून सांगणार होती.

"आपल्याच उताराचं नाव घ्या, मॅडम. नेहमीसारखं," मॅनेजर निंबकर कुजबुजले.

तिने माइकवर नाव घेतलं की ढग हाकणारे ड्रोन वादळ तिकडे ओढून नेत. एकदा उडाले की ते कुणाचं ऐकत नसत. म्हणूनच तिचा अंदाज कधी चुकत नव्हता. डोंगरापलीकडच्या डांगसेर गावात मात्र कित्येक हिवाळे बर्फ पडला नव्हता आणि झरे आटले होते. सकाळी हेमांगी तिथे गेली, तेव्हा ऐन हिमालयात बायका हंडे घेऊन टँकरपुढे भांडत होत्या. लातूरला वाढलेल्या हेमांगीला ते भांडण तोंडपाठ होतं.

तिने माइक तोंडाशी ओढला. "दुपारी डांगसेर गावात भरपूर बर्फ. इथे लख्ख ऊन."

बाहेर ड्रोन घरघरत उठले आणि डोंगरापलीकडे वळले.

"अहो, हा काय अंदाज झाला?" निंबकर किंचाळले.

"रोजचा तरी कुठे अंदाज होता, सर? रोज आपण त्यांचा बर्फ पळवत होतो. आज मी तो परत दिला."

"आणि या लोकांना आता बर्फ कुठून देऊ?"

हेमांगीने शांतपणे माइक बंद केला.

"टँकर मागवा."