जाऊबाईंचा विक्रम

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हेमाचा उजवा हात रुसून बसला होता. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने कपाटात फेकला. "मी काय तान्हं बाळ आहे?"

मग मी, एकाहत्तर वर्षांचा थापाड्या, संगणकावर एक खेळ लिहिला. वरून जांभळं पडतात, उजव्या हाताने बाणांची बटणं दाबून टोपलीत झेलायची. पडद्यावर ठळक लिहिलं : 'विक्रम : प्रमिलावहिनी, मिरज, ३१०.'

"जाऊबाईंनी तीनशे दहा केले?" हेमाने खुर्ची ओढली.

आठवड्याभरात तिने विक्रम मोडला. मी गुपचूप प्रोग्रॅममध्ये शिरून वहिनींचे दहा गुण वाढवले. "फोन आला होता. पुन्हा तुझ्या पुढे गेल्या म्हणे!"

महिनाभर असंच चाललं. आज चारशे साठ झाले आणि ती म्हणाली, "अहो, जाऊबाईंना मोतीबिंदू आहे. त्यांना ताटातली जांभळं दिसत नाहीत, पडद्यावरची कुठून दिसणार?"

"मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुम्ही किती रंगवून सांगत होता! उद्या दहा नको, पन्नास वाढवा."

असं म्हणत तिने उजव्या हाताने माझा कान पिळला. चांगला दुखला, देवाशप्पथ!