दोन ओंडक्यांची चूल

क्लेमेंटीनने दुसरा ओंडका पायाने ढकलत पहिल्याच्या शेजारी आणला आणि मधे वीतभर जागा ठेवली. पहिला सुक्या चिंचेचा होता. दुसरा आंब्याचा, मांडवाला जागा करायला परवाच तोडलेला. त्याची ओली बाजू तिने आत वळवली आणि कुणाला दिसू नये म्हणून वर चिंचेच्या ढलप्या रचल्या.

ही चूल तिला नवऱ्याने शिकवली होती. दोन जाड ओंडके समोरासमोर ठेवायचे, मधे काटक्या पेटवायच्या. ओंडके एकमेकांना तापवत राहतात, टोप त्यांच्यावरच बसतो आणि सकाळी लावलेली आग संध्याकाळपर्यंत पुरते. पण एक ओला निघाला, तर तो दुसऱ्यालाही विझवतो. ढलप्या जळून जातील तेव्हा भात निम्मा शिजलेला असेल आणि माणिकपूरचं वऱ्हाड चर्चमधून येऊन हिलरीच्या मांडवात बसलेलं असेल.

तिला तेच हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी, सत्तर साली, तिच्या रोझलिनच्या लग्नात चूल हिलरीकडे होती. तो तिच्या नवऱ्याचा जोडीदार. दोघं मिळून गावची लग्नाची जेवणं रांधत. त्या दिवशी नवरा मुलीचा बाप म्हणून मांडवात अडकलेला, म्हणून चुलीशी एकटा हिलरी बसला. दारू पिऊन तिथेच झोपला. चूल विझली. व्याही पानावरून उठून गेले. रोझलिनला सासरी अजून ‘कच्च्या भाताची’ म्हणत. नवऱ्याने त्यानंतर टोपाला हात लावला नाही आणि चार वर्षांत तो वारला. हिलरीने दारू सोडली, असं लोक सांगत. क्लेमेंटीनला त्याचं काय?

म्हणून सुझानच्या, म्हणजे आपल्या मुलीच्या लग्नाची चूल लावशील का, असं हिलरी विचारायला आला, तेव्हा तिने लगेच हो म्हटलं होतं.

आधण आलं. तिने तांदूळ ओतले. लग्न लावून हिलरी वऱ्हाडाच्या पुढे घाईने मांडव बघायला आला आणि चुलीपाशी थांबला. आंब्याच्या ओंडक्याच्या टोकाला फेस येत होता. जन्मभर चुली लावलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

तो ओरडेल, असं तिला वाटलं. त्यावर काय बोलायचं हे तिचं केव्हाच ठरलेलं होतं. पण हिलरी वळला आणि बाकं सरळ करायला लागला.

“ओंडका ओला आहे,” ती म्हणाली. “दिसला ना तुला?”

“दिसला.”

“मग बोलत का नाहीस? पोरगी जन्मभर टोमणे ऐकून घेईल तुझी.”

हिलरीने बाक खाली ठेवलं. “त्या दिवशी तू मला एक शब्द बोलली नाहीस, बाय. म्हणून तर तुलाच बोलावलं, राहिलेला हिशेब चुकता करायला. सुझानला विचारून बोलावलं.”

पाणंदीत बँडचा आवाज आला. टोपाखालची आग बसत चालली होती. क्लेमेंटीन उठली. मागे भिंतीशी चिंचेची सुकी लाकडं रचलेली होती. पण आधी टोप उतरवायला हवा होता, आणि त्याला दोन माणसं लागत. तिने पदर हाताला गुंडाळला, एका बाजूची कडी धरली आणि हिलरीला म्हणाली, “कोट काढ. दुसरी कडी धर.”